पिकअपला मोठे टायर घालायचेत? आधी आरसी आणि वही काढा

व्हिडिओत फळ्यावर आकडेमोड जरा भराभर झाली, म्हणून इथे सावकाश करू. कागद-पेन जवळ ठेवा, आणि जमलं तर गाडीपाशी जाऊन वाचा.

आमच्या बॅचमध्ये जुन्नर भागातले एक भाऊ आहेत. स्वतःच्या पिकअपवर टोमॅटोचे क्रेट वाहतात. बांधावरून नारायणगावच्या मार्केटला, आणि भाव बरा असला की माळशेज घाट उतरून थेट वाशीला. पावसाळ्यात गाडी दोनदा शेतात रुतली. ट्रॅक्टरवाल्याला पैसे गेले ते गेलेच, वर माल उशिरा पोचला आणि भाव पडला. वैतागून त्यांनी रुंद, उंच, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे चार टायर पसंत केले. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी मला फोन, "सर, घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, आधी टायरवरचे आकडे वाचा.

215/75 आर 15 असं लिहिलंय समजा. 215 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या 75 टक्के, इथे साधारण 161 मिमी. 15 म्हणजे रिम 15 इंची, म्हणजे 381 मिमी. बाजू दोनदा धरा, रिम मिळवा, टायरची पूर्ण उंची 703.5 मिमी. भाऊंनी पसंत केलेला होता 235/75 आर 15. तसाच हिशेब केला तर 733.5 मिमी. फरक 30 मिमीचा, सव्वाचार टक्के. (काही पिकअपवर 7.00 आर 15 अशी जुन्या पद्धतीची साइज असते. तिथे सरळ टेप लावून मोजा.)

आता गंमत बघा. टायर 30 मिमी उंच झाला, पण गाडी किती उचलली? निम्मी, 15 मिमी. दीड सेंटीमीटर! एवढ्यासाठी चाळीस-पन्नास हजार घालवायचे का, हा पहिला प्रश्न. हां, एक खरं आहे: मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. पाटे चढवले की बॉडी वर जाते, गोळा तिथेच राहतो. पण त्यांची गाडी दगडावर टेकली नव्हती, चिखलात रुतली होती. दुखणं वेगळं, औषध वेगळं.

दुसरा मुद्दा मी व्हिडिओत घाईत सांगितला, आणि खरा धोका तिथेच आहे. साइजच्या शेजारी एक आकडा असतो, लोड इंडेक्स. 100 म्हणजे एक टायर 800 किलो पेलतो. 105 म्हणजे 925, 108 म्हणजे 1000, 112 म्हणजे 1120 किलो. हे योग्य हवा असताना. आरसीवर मागच्या एक्सलचं वजन 2000 किलो नोंदलंय असं धरा. मागे टायर दोन, म्हणजे प्रत्येकी 1000 किलो. इंडेक्स 108 तरी हवाच. दुकानातला तो रुबाबदार टायर एसयूव्हीसाठी बनवलेला, इंडेक्स 105. दोन्ही मिळून 1850 किलो. दीडशे किलो कमी! मोठा दिसतो म्हणून जास्त वजन उचलतो असं अजिबात नाही. भरलेली गाडी, उन्हात तापलेला रस्ता, घाटाचा उतार, आणि मागचा टायर फुटला तर काय होतं ते ड्रायव्हर मंडळींना मी सांगायला नको.

106/103 असे दोन आकडे दिसले तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडीने बसणाऱ्या चाकांसाठी. पिकअपला मागे एकेरी चाक असेल तर पहिला बघायचा.

आता धंद्याचा हिशेब. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटरला ते कळत नाही. मीटर 3000 किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी सुमारे 3128 चाललेली असते. तुमचं भाडं मीटरच्या किलोमीटरवर ठरलं असेल आणि दर 18 रुपये धरला, तर महिन्याला जवळपास 2300 रुपये तुम्ही बिलात लावलेच नाहीत. डिझेल मात्र पूर्ण जळालं. वेगाचंही तेच, काटा 80 वर, गाडी 83 ला.

शिवाय चढाला चाकाचा जोर जवळपास तेवढाच, सुमारे चार टक्के, कमी होतो. भरल्या गाडीला घाटात खालचा गिअर लवकर लागतो, हाफ क्लच वाढतो. क्लचप्लेटचं बिल सहा-आठ महिन्यांनी येतं, तोवर आपण टायरला विसरलेले असतो.

टायरचा खर्चही किलोमीटरवर काढा. साधा टायर 7,000 ला, चार मिळून 28,000, चालला 50,000 किलोमीटर: किलोमीटरला 56 पैसे. चिखलाचा टायर 11,000 ला, चार मिळून 44,000, डांबरावर घासून 30,000 चालला: जवळपास 1 रुपया 47 पैसे. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या दुकानदाराचा भाव आणि मागच्या टायरचा अनुभव घाला.

कागदाचं थोडक्यात. माल वाहतुकीच्या गाडीच्या नोंदणीत टायरची साइजही असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. फिटनेसला अडकाल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळेल. मोठा टायर घातला म्हणून आरसीवरचं माल वजन वाढतही नाही.

मग भाऊंनी काय केलं? मी त्यांना महिनाभर वही लिहायला लावली, रोज किती किलोमीटर डांबर आणि किती कच्चा. 3000 पैकी कच्चा निघाला जेमतेम 150. म्हणजे शंभरातल्या पाच किलोमीटरसाठी पंचाण्णव किलोमीटर महाग करायचे होते! तेही काळ्या मातीत, जिथे सावकाश चालणाऱ्या गाडीच्या कुठल्याही नक्षीत चिखल भरतो आणि टायर गुळगुळीत होतो.

त्यांनी मूळ साइजचेच टायर घेतले, पण दोन्ही रस्त्यांना चालणाऱ्या ऑल टेरेन नक्षीचे, लोड इंडेक्स आरसीला पुरून उरेल असे. उरलेल्या पैशातून शेताच्या तोंडाशी मुरूम टाकून घेतला. फार ओल असली की निम्मे क्रेट आत भरतात, निम्मे रस्त्यावर आणून.

तुमचं काम खाणीवर किंवा डोंगरातल्या वस्त्यांवर असेल, वहीत कच्चा रस्ता निम्म्याहून जास्त निघाला, तर उत्तर वेगळं येईल. तेव्हा गाडीच्या कंपनीने तुमच्या मॉडेलला कुठली मोठी साइज मंजूर केली आहे ते विचारा, आरटीओत नोंदीचं बघा, आणि किलोमीटरचा दर नव्याने ठरवा.

दुकानात गेलात की टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका. आणि स्टेपनी विसरू नका. साइज बदलणार असाल तर चार नाही, पाच टायरचे पैसे धरा. घाटात पंक्चर झाल्यावर मागे एक चाक बुटकं आणि एक उंच, वर भरलेला माल, असं घरापर्यंत यायचं नाहीये आपल्याला.