निरोप कुणाचा, कुठवर

भोपाळात गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यांसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या भेलची, स्थापना झाली आणि तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची वसाहत तिच्या आसऱ्याने वाढली. आमच्यासारखी मराठी घरंही इथे रुजली. या कारखान्यांमधल्या मोटारी आणि पंपांची कंपनं, तापमान, करंट सतत मोजत राहायचं, आणि बेअरिंग जाण्याआधी माणसाला कळवायचं, हे आमचं काम.

यासाठी पॅनेलशेजारी भिंतीवर एक बिनपंख्याचा छोटा संगणक बसवतात. एक जीबी मेमरी, आत लिनक्स, त्यावर डॉटनेटचा एकच प्रोग्राम. सेन्सर वाचणारा भाग आकडा आणतो, आणि तो चौघांना हवा असतो: डेटाबेसला, अलार्मला, स्क्रीनला आणि बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणाऱ्याला. या चौघांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नाही. म्हणून मध्ये पब्लिश-सबस्क्राइब. आम्ही त्यासाठी मेसेजपाइप ही सी शार्पमधली लायब्ररी वापरतो. टोकियोच्या सायशार्प कंपनीची, योशिफुमी कावाई यांची. मेसेज पाठवताना ती स्वतःहून हीपवर नवी मेमरी मागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण मेमरी वाचली की एक प्रश्न आपल्या अंगावर येतो: हा मेसेज आता कुणाचा आहे, आणि कुठवर? गार्बेज कलेक्टर असताना हा प्रश्न विचारायची सवय मोडलेली असते. खालचे बोल बहुतेक त्याच प्रश्नाभोवतीचे आहेत.

१. आधी मोजा, आणि जिथे चालणार आहे तिथे मोजा.

चाळीस चॅनेल, प्रत्येकाचे सेकंदाला शंभर आकडे, म्हणजे सेकंदाला ४,००० मेसेज. चॅनेलचा क्रमांक, वेळ आणि मूल्य एवढंच असलेला क्लास ६४ बिटच्या डॉटनेटमध्ये ४० बाइट घेतो. झाले सेकंदाला १६० केबी. एवढ्याने काहीही बिघडत नाही. जनरेशन शून्य हे सहज झाडून टाकते. बिघडतं ते मेसेजबरोबर गुपचूप प्रवास करणाऱ्या गोष्टींनी. प्रत्येक आकड्यामागे कुणी लॉगसाठी पाचशे अक्षरांची ओळ तयार केली, तर डॉटनेटच्या स्ट्रिंगमध्ये अक्षराला दोन बाइट लागतात म्हणून ती हजार बाइटची होते. सेकंदाला ४ एमबी, दिवसाला सुमारे ३४५ जीबी. एक जीबीच्या यंत्रातून एवढी मेमरी रोज मागायची आणि रोज परत करायची! तिथे लायब्ररी बदलून उपयोग नाही, ती ओळ काढायला हवी.

बेंचमार्क-डॉटनेटचा मेमरी डायग्नोजर दर कॉलमागे किती बाइट गेले ते सांगतो, आणि चालू प्रोग्रामवर डॉटनेट-काउंटर्स लावलं की ॲलोकेशनचा वेग समोर दिसतो. लॅपटॉपवरच्या आकड्यांवर विसंबू नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि ऑफिसच्या एसीत न जाणवणारा थांबा तिथे स्क्रीनवर जाणवतो.

२. साध्या इव्हेंटला कमी लेखू नका.

सी शार्पचा इव्हेंट, त्यातून जाणारा स्ट्रक्ट, हेही पाठवताना काही मागत नाही. दोन क्लासांमधला निरोप असेल तर तेवढंच पुरे. मेसेजपाइपचा फायदा कळतो तो प्रोग्राम वाढल्यावर: पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांनाही हवी ती वस्तू डिपेंडन्सी इंजेक्शनमधून मिळते, मध्ये फिल्टर बसवता येतो. आतली रचनाही सरळ आहे. मेसेजच्या प्रकारागणिक सबस्क्राइबरांचा एक ॲरे, आणि त्यावर फिरणारा एक लूप. वेग याच साधेपणातून आलेला आहे. लायब्ररीचा कोड एकदा बसून वाचा. दुपारभराचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतं.

३. मेसेज लहान ठेवा, आणि तो बदलता येणार नाही असा ठेवा.

आमचा आकड्याचा मेसेज रीडओन्ली रेकॉर्ड स्ट्रक्ट आहे, २४ बाइटचा. प्रत्येक सबस्क्राइबरला त्याची स्वतःची प्रत मिळते, त्यामुळे मालकीचा प्रश्नच उरत नाही. पण स्ट्रक्ट म्हणजे सगळं फुकट असंही नाही. तो ऑब्जेक्ट किंवा इंटरफेस म्हणून पुढे दिला की बॉक्सिंग होतं आणि टाळलेलं ॲलोकेशन मागच्या दाराने आत येतं. आणि त्यात वीस फील्ड कोंबले, तर प्रत्येक हस्तांतराला त्यांची नक्कल होत राहते.

४. लॅम्ब्डा सबस्क्राइब करताना एकदाच बनतो, त्याची चिंता नको. मेसेज हाताळताना आत बनतो, त्याची करा. बाहेरचं व्हेरिएबल पकडलं की क्लोजर आणि डेलिगेट, दोन्ही दर मेसेजला नवे. सी शार्प ९ पासून लॅम्ब्डाला स्टॅटिक म्हणता येतं. म्हणजे चुकून काही पकडलं तर कंपायलरच अडवतो.

५. पूलमधून घेतलेला बफर पब्लिश करताना दहा वेळा विचार करा.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं इथे आहे. सुटा आकडा २४ बाइटमध्ये मावतो, कंपनाची लहर मावत नाही. एका मोटारीचे ३२,७६८ नमुने फ्लोटमध्ये घेतले तर ॲरे १,३१,०७२ बाइटचा होतो. ८५,००० बाइटपासून पुढची वस्तू डॉटनेट लार्ज ऑब्जेक्ट हीपवर ठेवतं, आणि ती जागा जनरेशन दोनचं कलेक्शन होईपर्यंत मोकळी होत नाही. दर सेकंदाला असे काही ॲरे नवे करत राहिलं तर छोटं यंत्र धापा टाकतं. म्हणून ॲरेपूल: भाड्याने घ्या, वापरा, परत करा. आता हा उसना ॲरे मेसेजमध्ये घालून चौघांना दिला, तर तो परत कधी करायचा?

दुरुस्तीसाठी हाती आलेल्या एका प्रोग्राममध्ये याचं उत्तर कुणीच ठरवलेलं नव्हतं. लहर वाचली, असिंक्रोनस पब्लिश केलं, आणि पुढच्याच ओळीत ॲरे पूलला परत. स्क्रीनचा सबस्क्राइबर तेव्हा कुठे आलेख काढायला बसत होता. तेवढ्यात दुसऱ्या मोटारीचं वाचन सुरू झालं, पूलने तोच ॲरे तिला दिला आणि तिचे आकडे त्यावर लिहिले गेले. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. कळलं ते फिटरला. तीन नंबरचा पंप त्याने स्वतः बंद करून कुलूप लावलं होतं, आणि स्क्रीनवर त्याचा आलेख हलत होता. "साहब, ये तो बंद खड़ा है, फिर ग्राफ किसका चल रहा है?" त्याच्या एका प्रश्नात अख्खा दोष होता. आकडे खरे होते, फक्त ते दुसऱ्या मोटारीचे होते. असा आकडा चुकीच्या आकड्यापेक्षा धोक्याचा, कारण तो पटण्यासारखा दिसतो.

आमचा नियम त्यानंतर अगदी कडक आहे. पूलचा ॲरे फक्त सिंक्रोनस पब्लिशमधून जातो, आणि पब्लिश परतल्यावरच पूलला मिळतो. ज्या सबस्क्राइबरला तो पुढे ठेवायचा आहे त्याने हाताळणी संपण्याआधी स्वतःची प्रत काढायची. असिंक्रोनस पाठवायचंच असेल तर पब्लिशअसिंकची वाट पाहायची, सगळ्यांचं काम संपल्यावर परत करायचा. मेसेजपाइपच्या असिंक्रोनस पब्लिशरमध्ये वाट न पाहणारं साधं पब्लिशही आहे. त्या वाटेने उसना बफर कधीही पाठवायचा नाही. हे कमेंटमध्ये लिहून भागत नाही, म्हणून मेसेजच्या नावातच 'उसना' लिहिलं आहे. नव्या मुलाला तो शब्द कोडमध्ये दिसला की तो विचारायला येतो.

आणखी एक. पूल मागितल्यापेक्षा मोठा ॲरे देऊ शकतो आणि आत आधीच्या भाडेकरूचं सामान तसंच असतं. म्हणून खरी लांबी मेसेजबरोबर वेगळी गेली पाहिजे. ॲरेची स्वतःची लांबी वापरणारा सबस्क्राइबर शेवटी शिळे आकडे मोजतो.

६. येणाऱ्याची नोंद होते, जाणाऱ्याचीही करा.

सबस्क्राइब केल्यावर परत मिळणारी डिस्पोजेबल वस्तू फेकून देऊ नका. स्क्रीनवरचं पान बंद झालं तरी लायब्ररीच्या ॲरेमध्ये त्याचा संदर्भ शिल्लक असतो. मग ते पान, त्यातले आलेख, त्यांचे बफर, काहीच मोकळं होत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि प्रत्येक ऑपरेटर आपापली पानं उघडतो. न दिसणाऱ्या पानांची गर्दी अशी साचत जाते आणि प्रत्येक मेसेज त्यांच्यापर्यंतही पोहोचवला जातो. पाठवण्यात शून्य ॲलोकेशन आणि तरी मेमरी चढतेय, असं दिसलं की आधी इथे पाहा. मेसेजपाइपसाठी एक ॲनालायझर आहे, तो परत मिळालेली वस्तू न सांभाळणाऱ्या ओळी पकडतो; आम्ही त्याच्या इशाऱ्यावर बिल्डच थांबवतो. शिवाय डायग्नोस्टिक्स इन्फोमधून चालू सबस्क्रिप्शनांची संख्या मिळते. ती आम्ही देखभालीच्या पानावर कायम दाखवतो.

७. अलार्मला रांगेत उभं करू नका.

यूजस्टर, फेल्बर, गेराउई आणि केरमारेक यांचा २००३चा एक प्रसिद्ध लेख पब्लिश-सबस्क्राइबमध्ये तीन प्रकारचं सुटेपण सांगतो: कोण आहे हे ठाऊक नसणं, एकाच वेळी हजर नसणं, आणि एकमेकांसाठी न थांबणं. एकाच प्रोग्रामच्या आतली सिंक्रोनस लायब्ररी यातलं पहिलंच देते. बाकीची दोन मिळाली असं गृहीत धरणारे खूप भेटतात. लूप एकामागून एक फिरतो. डेटाबेसने डिस्कसाठी वेळ लावला की मागचे थांबतात. कुणी एक्सेप्शन फेकलं की ते पाठवणाऱ्याकडे परततं आणि पुढच्यांना मेसेज मिळतच नाही. सी शार्पच्या साध्या इव्हेंटचंही असंच आहे.

म्हणून डेटाबेस, स्क्रीन आणि सर्व्हर यांचे सबस्क्राइबर फक्त एका ठरावीक क्षमतेच्या चॅनेलमध्ये (सेन्सरच्या नव्हे, डॉटनेटमधल्या रांगेच्या अर्थाने) मेसेज टाकून परततात. स्क्रीनचं चॅनेल भरलं तर जुना आकडा टाकून द्या, तिला ताजाच हवा. डेटाबेसचा टाकू नका. अलार्मची वाट मात्र पूर्ण वेगळी: सेन्सर वाचणारा भाग मर्यादेची तुलना स्वतः करतो आणि भोंग्याचा रिले थेट ओढतो. तो निर्णय कुठल्याही लायब्ररीवर, कुठल्याही क्रमावर अवलंबून नाही.

या शहरात बसून अलार्मचा कोड लिहिताना १९८४ची वायुगळती आठवल्याशिवाय राहत नाही. २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकी क्रमांक ६१० मध्ये दाब चढत होता, तो दाखवणारी उपकरणंही होती. वस्तीसाठीचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. कारखान्याच्या आत इशारा होता, भिंतीपलीकडच्या लोकांना नव्हता. ती दुर्घटना सॉफ्टवेअरची नव्हती आणि आमच्या मोटारींची तिच्याशी तुलना होऊ शकत नाही. पण इशारा तयार होणं आणि तो ज्याला लागतो त्याच्यापर्यंत जाणं यांत केवढं अंतर राहू शकतं, हे भोपाळच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कुणी अलार्म "तात्पुरता" बंद करणारी सेटिंग मागितली तर मी नाही म्हणतो. आवाज काही मिनिटं दाबता येतो, लाल दिवा विझवता येत नाही.

८. वीज गेली की मेमरीतलं सगळं गेलं.

पावसाळ्यात वीज जातेच. पब्लिश झालेला पण डिस्कवर न गेलेला मेसेज तिच्याबरोबर जातो, कारण मेमरीतली लायब्ररी पोहोचल्याची हमी देत नाही आणि तिने द्यावी अशी अपेक्षाही नको. बाहेर जाणाऱ्या निरोपासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल आहे. १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तो बेतला. बँडविड्थ महाग, जोडणी बेभरवशाची. आमच्या शेडमधल्या सिमकार्डाची परिस्थिती फार वेगळी नाही. आकडा आधी एसक्यूलाइटमध्ये जातो, मग एमक्यूटीटीच्या सेवेच्या दर्जा १ ने सर्व्हरकडे, आणि पोच आल्यावरच त्याच्या ओळीवर खूण होते. दर्जा १ म्हणजे निदान एकदा, कधी दोनदाही. त्यामुळे प्रत्येक आकड्याला चॅनेल आणि वेळ मिळून एक ओळख दिलेली असते, आणि तीच ओळख पुन्हा आली तर सर्व्हर ती नोंद दुसऱ्यांदा घेत नाही.