गिझरच्या कॉइलवरचा दगड

भाची मंचरच्या एका नव्या सोसायटीत राहते. मामांनी आधी शाळेत विज्ञान शिकवलं, आता जुन्नर तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. गिझरची जळालेली कॉइल घेऊन ती मामांकडे आली, तेव्हाचं हे बोलणं.

भाची : मामा, दोन वर्षांत ही गत झाली. मेकॅनिक म्हणतो, बोअरचं पाणी जड आहे, कॉइल टिकायची नाही.

मामा : बरोबर बोलला तो. या थरावर लिंबू पिळून बघ.

भाची : अहो, फसफसतंय!

मामा : तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. चुनखडीचा दगडच म्हण ना.

भाची : पण आपल्याकडे तर सगळा काळा कातळ. चुना आला कुठून?

मामा : कातळातूनच. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. ते भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपतं आणि कातळातले क्षार विरघळवत जातं. ओढ्याच्या काठाला मातीत पांढरे खडे सापडतात ना, ती चुनखडीही अशाच पाण्याने साठवलेली.

भाची : मग डिंभे धरणाचं पाणीही जडच असणार.

मामा : नाही, ते बोअरपेक्षा पुष्कळ हलकं. घोड नदीला आलेलं पावसाचं पाणी धरणात अडतं, कातळात मुरायला त्याला तेवढा वेळच मिळत नाही. शिवनेरीवरच्या टाक्यांत तर थेट पावसाचंच पाणी साठवत. म्हणून एकाच गावात नदीवरच्या योजनेचं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं. तुमच्या सोसायटीत टँकर, बोअर, नळ सगळं एकाच टाकीत पडत असेल, तर आधी ते विचार.

भाची : थंड पाण्याच्या बादलीत इतका थर बसत नाही. गिझरमध्येच का?

मामा : कॅल्शियम पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट मागे राहतं. सगळ्यात गरम जागा कॉइलची, म्हणून तिथेच ते पहिल्यांदा चिकटतं. थर उष्णता अडवतो, आत कॉइल तापतच जाते आणि एक दिवस फुटते. त्याआधी पाणी तापायला वेळ लागतो, विजेचं बिलही वाढतं. आता हिशेब कर. समज, तुमच्या पाण्याचा जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम आहे. रोज 100 लिटर पाणी तापवलं तर 40 ग्रॅम क्षार गिझरमधून गेले. वर्षाला साडेचौदा किलो! सगळे बसत नाहीत, पण थोडे बसले तरी पुरे.

भाची : टीडीएस मीटर आणू का?

मामा : तो सगळे क्षार एकत्र मोजतो. मिठाच्या पाण्यातही आकडा चढतो, पण मिठाची पुटं कॉइलवर बसत नाहीत. तुला जडपणा वेगळा मोजून हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं.

भाची : म्हणजे पिण्याला धोका नाही?

मामा : निव्वळ जडपणाचा सहसा नाही. त्रास डाळ न शिजण्याचा, साबणाला फेस न येण्याचा आणि यंत्रांचा. वॉशिंग मशीनमध्ये पावडर जास्त लागते, कपडे खरबरीत होतात.

भाची : पाइपला बांधायचं चुंबक मिळतं म्हणे. आणि तुरटी?

मामा : तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेलं कॅल्शियम जात नाही. चुंबकावर मी एक रुपयाही घालणार नाही, भरवशाचा पुरावा नाही त्याला. आमच्या बागेत ठिबकचे ड्रिपर याच क्षारांनी चोक होतात. तिथे आम्ही मोजून ॲसिड सोडतो, कारण थर निघतो तो आम्लानेच. घरात सायट्रिक ॲसिड वापर. गिझर मात्र मेन स्विच बंद करून मेकॅनिककडूनच साफ करून घे. संडासाचं ॲसिड यंत्रात ओतू नकोस, धातू खाईल. आणि कोणतंही आम्ल ब्लीचबरोबर मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन सुटतो.

भाची : आणि सॉफ्टनर?

मामा : तो काम करतो. त्यातल्या रेझिनवर कॅल्शियम अडकतं आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम येतं. रेझिन परत ताजं करायला मीठ लागतं, आणि ते खारं पाणी झाडांना घालायचं नाही. घरी आरओ असेल, तर त्याचं वाया जाणारं पाणी मूळ पाण्याहून जास्त जड असतं. फरशीला चालेल, मशीनला नको.

भाची : मग आज काय करू?

मामा : गिझरचं तापमान 50 ते 55 अंशांवर ठेव, जास्त तापवशील तितका थर वाढतो. पाण्याचा नमुना एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात तपासून घे. आकडा 200 च्या आत असेल तर सॉफ्टनरवर खर्च करू नकोस. बराच वर असेल तर गिझर आणि मशीनच्या लाइनलाच बसव, पिण्याचा नळ आणि बागेचा नळ तसेच राहू दे.