खडकींतील एक फेरफटका

परदेशच्या शहरांचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या रस्त्यानें रोज शाळेस येतों त्यावर काय काय आहे, असें कोणी विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी ही स्थिति आहे. म्हणून आम्ही विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस खडकींतच एक फेरफटका मारावयास बोलावीत आहों.

प्रारंभ स्टेशनापासून करूं. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून आगगाडी येथून धांवत आहे. जुन्या मुंबई–पुणें रस्त्यावर मान वर केली म्हणजे खांबांवरून जाणारी मेट्रो दिसते. ती येथून १ ऑगस्ट २०२३ पासून जाऊं लागली. खालीं मात्र चांभार, चहावाला व गजरे ओंवणारी बाई आपापल्या कामांत गढलेलीं असतात. बाजारांत मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगुहि कानीं पडते. छावणीमुळें प्रांतोप्रांतींचे लोक येथें वसले, त्याची ही खूण होय.

छावणी म्हणजे केवळ कवायत नव्हे. पूल बांधणें, वाटा मोकळ्या करणें हें ज्यांचें काम, त्या बाँबे सॅपर्सचें ठाणें येथें आहे. जखमी सैनिकांस धंदेशिक्षण देण्याकरितां १९१७ सालीं स्थापन झालेली क्वीन मेरी संस्थाहि येथेंच आहे. १८६९ सालीं निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याची पाळी सुटली, कीं कामगारांची रीघ लागते. जोखमीचें काम करून ते घरीं परततात. त्यांना वाट द्यावी, हें आपल्यापैकीं कितींच्या मनांत येतें?

आतां पायाखालच्या जमिनीकडे वळूं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं याच परिसरांत पेशव्यांच्या व कंपनीच्या सैन्यांची गांठ पडली. सेनापति बापू गोखले यांच्या स्वारांनीं आवेशानें चाल केली. पण शत्रूच्या पुढें दलदल होती, ती कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. घोडे चिखलांत रुतले आणि हल्ल्याचा जोर मोडला. शौर्यांत उणेपणा नव्हता. जमीन मात्र आधीं पाहिलेली नव्हती. यापरता निरीक्षणाचा दुसरा धडा कोणता हवा?

दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरेस शहराच्या एका प्रशस्त रस्त्यास ‘९ जुलै’ असें नांव आहे. १८१६ सालीं त्या दिवशीं अर्जेंटिनानें आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें. तेथें तारीख पाटीवरच वाचावयास मिळते. आपल्याकडे ती बहुधा विचारून, शोधून काढावी लागते.

शेवटीं युद्धस्मशानभूमींत क्षणभर थांबूं. दुसऱ्या महायुद्धांतील दीड हजारांहून अधिक सैनिक येथें विसांवले आहेत. शिळांवरील वयें वाचावीं. कित्येक विशीबाविशींतले, म्हणजे आपल्या थोरल्या भावांएवढेच होते. तेथें आवाज आपोआप खालीं येतो.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत आईवडिलांसह आपल्या घरापासून शाळेपर्यंत एकदां सावकाश चालत या. वाटेंत रोज भेटणाऱ्या एका तरी माणसास नांव विचारा, त्याचें काम समजून घ्या आणि तें वहींत टिपून ठेवा. रस्ता तोच राहील; परंतु दुसऱ्या दिवशीं त्यावरून जातांना आपण परके राहणार नाहीं.