बायबॅकची बातमी आणि ताईचा लॅपटॉप

पुणे, २० ऑक्टोबर २०२४

चि. सई,


मायक्रोसॉफ्टने गेल्या महिन्यात ६० अब्ज डॉलरच्या बायबॅकला मंजुरी दिली, म्हणून साठवलेले सगळे पैसे त्या शेअरमध्ये घालायचं तुझ्या मनात आहे. त्यावर तू पानभर लिहिलंस. शेवटी एक ओळ, आई लॅपटॉपवरचं अपडेट सारखं पुढे ढकलते. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटली.

आधी पैशांचं. कंपनी स्वतःचे शेअर विकत घेते तेव्हा वाटेकरी कमी होतात, भाकरी मोठी होत नाही. शिवाय मंजुरी म्हणजे खरेदी नव्हे, आणि घेतलेल्यांतले बरेच शेअर कर्मचाऱ्यांना दिलेल्या नव्या शेअरांची भरपाई करण्यातच जातात. तुला पगारात मिळतात ना, तसेच.

२००४ चा जुलै मला चांगला आठवतो. याच कंपनीने चार वर्षांत ३० अब्ज डॉलरपर्यंत शेअर परत घेण्याचं जाहीर केलं, वर शेअरमागे ३ डॉलरचा विशेष लाभांश. पुढच्याच महिन्यात विंडोज एक्सपीनंतरच्या ‘लाँगहॉर्न’ या आवृत्तीचं गुंतलेलं काम बाजूला सारून नव्याने सुरू करावं लागलं. ते ‘व्हिस्टा’ नावाने सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलं जानेवारी २००७ मध्ये, एक्सपीनंतर पाच वर्षांनी. पैसा मुबलक होता, अडलं होतं ते काम. २००४ ते २०१२ मध्ये शेअरांची संख्या सुमारे १०८० कोटींवरून ८४० कोटींवर आली, तरी २०१२ संपताना भाव २००४ च्या अखेरीला होता तिथेच, २७ डॉलरच्या खाली. भाव खरा चढला तो नंतर, क्लाउडचा धंदा वाढल्यावर. म्हणून बायबॅकच्या आकड्याआधी कंपनी काय बनवते आहे आणि बनवलेलं नीट सांभाळते का, ते बघ. तुझा पगार याच क्षेत्रातून येतो. बचतही सगळी तिथेच ठेवलीस तर एका वाईट वर्षात दोन्ही हलतील. थोडे घे हवे तर, सगळे नको.

आता ताईचं, म्हणजे तुझ्या आईच्या अपडेटचं. २००३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या क्लासमधले संगणक एकामागून एक साठ सेकंद मोजून बंद पडायला लागले. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म होता. त्यावरची दुरुस्ती जुलैतच आलेली होती, मी लावली नव्हती. मुलांची परीक्षा तोंडावर, आणि मी रात्रभर एकेका यंत्रापाशी. तेव्हापासून सुरक्षेची दुरुस्ती मी आली त्या दिवशी लावतो. अख्खी नवी आवृत्ती मात्र दोन-तीन महिने थांबून, फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवूनच. दोन्हींना ‘अपडेट’ म्हणतात म्हणून ताई दोन्ही टाळते.

तिच्या यंत्रावर विंडोज १० आहे, आणि त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, तिचा त्यात बसत नाही. मी तपासलं. पण यंत्र धडधाकट आहे, ते भंगारात देऊ नकोस. पत्रं, बँक आणि तुझ्याशी बोलणं एवढ्यासाठी त्यावर लिनक्स छान चालेल. डिसेंबरात तू आलीस की आपण दोघं बसून घालू. फोटो-कागदपत्रांच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क मी आणून ठेवतो. तोवर रविवारी फोनवर तिच्याकडून महिन्याची दुरुस्ती लावून घे.

तुझा
मामा