नाकाची विद्या

कुत्रा इमानी आहे, हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणीं निबंधांत लिहिलेलें असतें. तें खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. कुत्रा इमानी आहे त्याचप्रमाणें तो चांगला विद्यार्थीहि आहे, आणि योग्य गुरु लाभल्यास तो अशी एक विद्या शिकतो कीं, जी मनुष्यास कोणत्याहि शाळेंत शिकतां येत नाहीं. भूकंपानें घरें पडलीं, डोंगर खचून वस्ती गाडली गेली, अथवा एखादी उंच इमारत कोसळली, तर दगडमातीखालीं मनुष्य कोठें आहे हें वासावरून सांगणें, ही ती विद्या होय. तिचा थोडक्यांत परिचय करून देण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

मळ्यांत राखणीस असलेला कुत्रा धनी वाटेच्या वळणावर दिसण्यापूर्वींच उठून शेपूट हालवूं लागतो, हें आपल्या धरणगांवांतील शेतकऱ्यांच्या मुलांनीं पाहिलें असेल. वारा धन्याकडून मळ्याकडे वाहत असला म्हणजे हें विशेष घडतें. माणसाच्या अंगावरून त्वचेचे अत्यंत सूक्ष्म कण एकसारखे गळत असतात. त्यांत घामाचा व श्वासाचा वास मिसळतो, आणि हा सर्व वास वाऱ्याबरोबर पसरत जातो. माणसाच्या नाकांत वास ग्रहण करणारीं केंद्रें सुमारें ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकांत २० ते ३० कोटि असतात, असें शास्त्रज्ञ मानतात. शिवाय कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून. त्यामुळें आंत येणारा वास बाहेर जाणाऱ्या हवेनें फारसा विस्कटत नाहीं.

ढिगाऱ्याखालीं अडकलेल्या माणसाचा वासहि असाच फटीफटींतून वाट काढीत वर येतो. परंतु तो सरळ वर येईलच असा नेम नाहीं. माणूस एकीकडे असतो आणि वास चार-पांच हातांवरच्या भेगेंतून बाहेर पडतो. म्हणून कुत्रा जेथें भुंकतो तेथेंच डोळे मिटून खणावयाचें नसतें. वारा कोणीकडून आहे व भिंती कोणत्या बाजूस कलल्या आहेत, हें पाहून शिक्षकाला अनुमान करावें लागतें. सिमेंटच्या इमारती पडल्या म्हणजे तुळया व लाद्या यांच्यामध्यें पोकळ्या राहतात. त्यांतून हवा खेळते व माणूसहि कांहीं काळ जगूं शकतो. मातीच्या घरांची गोष्ट निराळी. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या भूकंपांत सुमारें ८ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, त्याचें एक मोठें कारण दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचीं जड छपरें हें होतें. अशी माती खालीं बसली म्हणजे पोकळी अशी फारशी राहतच नाहीं. आपल्या खानदेशांतहि धाब्याचीं जुनीं घरें आहेत, ही गोष्ट आपण विसरूं नये.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लंडन शहरावर बाँबवर्षाव झाला, तेव्हां तिचें महत्त्व जगाला प्रथम पटलें. पॉप्लर भागांत १९४० सालीं रिप नांवाचें एक बेवारशी कुत्रें हवाई हल्ल्यांच्या पहारेकऱ्यांजवळ राहूं लागलें. त्याला कोणीं कांहीं शिकविलें नव्हतें. तरी त्यानें शंभरांहून अधिक माणसें शोधून दिलीं. पुढें मुद्दाम शिकविलेलीं कुत्रीं ह्या कामावर आलीं. त्यांपैकीं इर्मा नांवाच्या अल्सेशियन कुत्रीनें १९१ माणसें शोधलीं. त्यांतील २१ जिवंत होतीं. एका ढिगाऱ्यावरून ती दोन दिवस हटेना. अखेर तेथून दोन मुली जिवंत निघाल्या. प्राण्यांच्या शौर्याकरितां १९४३ सालीं सुरू झालेलें डिकिन पदक रिप व इर्मा ह्या दोघांसहि मिळालें.

आपल्या देशांत हें काम मुख्यतः राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल करतें. तें २००६ सालीं उभारलें गेलें. त्याची पांचवी पलटण पुणें जिल्ह्यांत तळेगांव दाभाड्याजवळ सुदुंबरें येथें असते. ह्या दलाचीं श्वानपथकें महाराष्ट्रांतील अनेक दुर्घटनांच्या वेळीं धांवून गेलीं आहेत. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड येथें पांच मजली इमारत कोसळली, तेव्हां हीं पथकें तेथें गेलीं. त्या ढिगाऱ्यांतून चार वर्षांचा एक मुलगा सुमारें १९ तासांनंतर जिवंत निघाला, आणि साठ वर्षांची एक वृद्धा २६ तासांनंतर. ह्यावरून आशा केव्हां सोडावयाची नाहीं, हें कळून येतें.

आतां हें शिक्षण कसें देतात तें पाहूं. पिलाची निवड करतांना त्याच्या जातीपेक्षां त्याचा स्वभाव पाहतात. लॅब्रेडॉर, अल्सेशियन व बेल्जियन मॅलिन्वा ह्या जाती पुष्कळ वापरतात. पण खरी परीक्षा चेंडूची. गवतांत फेंकलेला चेंडू सांपडेपर्यंत जें पिलूं शोध सोडीत नाहीं, तें ह्या विद्येस पात्र समजावें. जें चार क्षणांत कंटाळून परत येतें, तें घरीं राखणीस ठेवावें.

पहिला धडा म्हणजे निव्वळ लपंडाव होय. शिक्षक पिलाला धरून ठेवतो. दुसरा मनुष्य त्याचें आवडतें खेळणें हातांत घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत धांवत जातो व झाडाआड लपतो. पिलूं सोडलें कीं तें धांवत जाऊन त्याला गांठतें आणि खेळण्यासाठीं भुंकतें. भुंकतांच खेळणें त्याला मिळतें, व तो मनुष्य त्याच्याशीं मनसोक्त खेळतो. एवढ्यावरून पिलाच्या मनांत एक गोष्ट पक्की बसते: माणूस शोधावा, त्याच्यापाशीं भुंकावें, म्हणजे आनंद मिळतो. पुढें मनुष्य लपतांना दिसेनासा होतो; मग तो लांकडी पेटींत, मग जमिनीखालच्या नळांत, आणि शेवटीं खऱ्या ढिगाऱ्यांत लपतो. तेथें अन्नाचे तुकडे, जुने कपडे, इतर जनावरांचा वास असे मोह मुद्दाम ठेवलेले असतात. त्या सर्वांस ओलांडून माणूसच शोधावयाचा असतो. ह्याबरोबरच शिडी चढणें, अरुंद फळीवरून चालणें, अंधाऱ्या बोगद्यांतून सरपटत जाणें यांचाहि सराव चालतो. ह्या सर्वांस कित्येक महिने लागतात, आणि त्यांत मारास स्थान नाहीं. भ्यालेला कुत्रा शोध घेत नाहीं. तो फक्त शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत राहतो.

सर्वांत कठीण धडा सत्याचा आहे. माणूस नसतांना कुत्रा खेळण्याच्या लोभानें भुंकला, तर त्याला बक्षीस मुळींच द्यावयाचें नसतें. शिक्षकानें दयेनें किंवा घाईनें एकदां जरी दिलें, तरी कुत्रा खोटें बोलावयास शिकतो. आणि ह्या कामांत खोट्या भुंकण्याची किंमत फार मोठी आहे: एका ठिकाणीं व्यर्थ खणण्यांत जे दोन तास जातात, तेच दोन तास दुसऱ्या ठिकाणीं कोणाचे तरी शेवटचे असूं शकतात. म्हणून एका कुत्र्यानें खूण दिली कीं दुसरा कुत्रा आणून ती पडताळून पाहतात. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानांतील भूकंपानंतर आपल्या दलाचीं कुत्रीं तिकडे गेलीं होतीं. नुर्दागी गांवीं ज्यूली नांवाची लॅब्रेडॉर कुत्री एका ढिगाऱ्यावर भुंकली. मग रोमिओ नांवाच्या कुत्र्यानेंहि तीच जागा दाखविली. तेथून सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर काढण्यांत आली.

कुत्र्याच्या श्रमालाहि मर्यादा आहे. अर्ध्या तासाच्या शोधानंतर त्याला विसांवा द्यावा लागतो. उन्हानें धापा टाकणारा कुत्रा तोंडानें श्वास घेतो आणि त्याचें हुंगणें मंदावतें. म्हणून आपल्या खानदेशासारख्या कडक उन्हाच्या मुलखांत पहांटेची वेळ उत्तम. त्याला मनहि आहे. २००१ सालीं न्यूयॉर्क येथील उंच मनोरे पडल्यावर पहिल्या कांहीं दिवसांनंतर जिवंत कोणीच सांपडेना, तेव्हां शोधक कुत्रीं खिन्न होऊं लागलीं. मग शिक्षकांनीं आपल्यांतीलच एकाला लपवून ठेवून त्यांना माणूस सांपडल्याचा खरा आनंद मिळवून दिला.

जिवंतांप्रमाणें मृतांचाहि शोध घ्यावा लागतो. त्यासाठीं पुष्कळदां निराळे श्वान तयार करतात, म्हणजे कोणता श्वान कशाची खूण देतो याविषयीं घोटाळा होत नाहीं. हें काम कमी मोलाचें समजूं नये. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जावयास रस्ता नव्हता, त्यामुळें मोठीं यंत्रें नेतां आलीं नाहींत. माणसें व श्वान पायीं चढून गेले. २७ मृतदेह मिळाले; ५७ जण अखेर सांपडले नाहींत. ज्या घरांतील माणूस सांपडत नाहीं, त्या घराला धड शोकहि करतां येत नाहीं. मृताचा देह आप्तांच्या हातीं देणें ही त्यांची फार मोठी सेवा होय.

शेवटीं, आपलें कर्तव्य काय? राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी आपल्याजवळ धुळें येथें असते. तरी कोणतीहि मदत पोहोंचण्यास वेळ हा लागतोच. तोंवर गर्दीनें ढिगाऱ्यावर चढूं नये. त्यानें खालच्या पोकळ्या दबतात, आणि शेंकडों माणसांच्या वासांत कुत्र्याचें काम कठीण होतें. तेथें अन्न टाकूं नये. शांतता राखण्यास सांगितल्यास पूर्ण शांत राहावें, कारण खालून येणारी क्षीण हांक त्याच वेळीं ऐकूं येते. कामावरील कुत्र्यास कौतुकानें हात लावूं नये. आणि घरांत त्या वेळीं किती माणसें होतीं, कोण कोठें निजत होतें, ही माहिती शोधपथकास नेमकी द्यावी. जें निश्चित ठाऊक असेल तेवढेंच सांगावें. अंदाजाला खात्रीचें रूप देऊं नये. माणूस नसेल तेथें भुंकूं नये, हा नियम जो कुत्र्याला महिनोंमहिने शिकवावा लागतो, तो अशा प्रसंगीं आपणांसहि लागू आहे.