रातपाळीचा राखणदार : वेब अ‍ॅप्लिकेशन ‘सेवा’ म्हणून कसं चालवायचं?

आपल्या मंडळाचा अहिराणी शब्दसंग्रह आता वहीतून सर्व्हरवर गेला आहे. उधन्यातल्या अनेक खानदेशी घरांत आजही मुलाला ‘आंडोर’ आणि मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. नव्या पिढीच्या बोलण्यात गुजराती आणि हिंदी मिसळत जाते, तसे हे शब्द मागे पडतात. म्हणून ज्याला शब्द आठवेल त्याने तो आठवेल तेव्हा मोबाइलवरून नोंदवावा, एवढंच काम करणारं हे छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन आहे.

यातलं ‘आठवेल तेव्हा’ महत्त्वाचं. मी उधन्यात वाढले. तिथल्या यंत्रमागांच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. कुणाला सकाळी सवड मिळते, कुणाला रात्री. एखाद्या आजोबांनी शब्द लिहायला घेतला आणि पान उघडलंच नाही, तर ते दुसऱ्यांदा प्रयत्न करतीलच असं नाही. शिवाय आपण विद्यार्थी तीन वर्षांत कॉलेज सोडून जातो. तेव्हा अ‍ॅप्लिकेशन कुणा एकाच्या हजेरीवर अवलंबून नसावं. ते कसं साधायचं, याचा हा पाठ.

१. समोर चालणं आणि मागे चालणं

आपण सर्व्हरशी दुरून जोडतो, आज्ञा देतो आणि अ‍ॅप्लिकेशन सुरू होतं. पण ते आपल्या त्या जोडणीला बांधलेलं असतं. जोडणी तुटली की प्रोग्रॅमला ‘हँगअप’ नावाचा संकेत जातो आणि सहसा तो बंद पडतो. हे नाव टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी बोलायच्या काळातलं आहे. हँगअप म्हणजे पलीकडच्याने फोन ठेवला.

यावर ‘नोहप’ ही जुनी आज्ञा आहे. तिचा अर्थ ‘फोन ठेवला तरी थांबू नकोस’. ती उपयोगी आहे, पण अर्धीच. अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या चुकीने कोसळलं, तर ती त्याला उठवत नाही. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तरी ती काही करत नाही. म्हणून अ‍ॅप्लिकेशन ‘सेवा’ म्हणून नोंदवावं लागतं.

२. सेवा-फाइल

लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरांवर हे काम सिस्टमडी करतं. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये पुढे आणलं, आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू या दोन्हींत ते मूळ व्यवस्था म्हणून आलं. त्याला आपण एक छोटी फाइल लिहून द्यायची. तिचे तीन भाग असतात.

‘युनिट’ या भागात सेवेचं वर्णन आणि ती कशानंतर सुरू व्हावी ते लिहायचं. आपल्याकडे नेटवर्कनंतर.

‘सर्व्हिस’ हा मुख्य भाग. प्रोग्रॅम कोणाच्या नावाने चालेल, कोणत्या फोल्डरमधून चालेल, सुरू करायची नेमकी आज्ञा कोणती आणि पडला तर काय करायचं, हे सगळं इथे येतं. ‘कोणाच्या नावाने’ या जागी मुख्य प्रशासकाचं, म्हणजे ‘रूट’चं नाव कधीही घालू नये. वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता तयार करावा. उद्या कुणी अ‍ॅप्लिकेशनमधून आत शिरलाच, तर त्याच्या हाती अख्ख्या घराची किल्ली पडत नाही.

‘इन्स्टॉल’ या भागात सर्व्हर चालू होताना ही सेवा कोणत्या टप्प्याला जोडायची ते सांगायचं.

फाइल लिहून किंवा बदलून झाली की सिस्टमडीला ती पुन्हा वाचायला सांगायचं. पुढच्या दोन आज्ञांमध्ये बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू कर. ‘एनेबल’ म्हणजे सर्व्हर जेव्हा जेव्हा उठेल तेव्हा सुरू कर. दोन्ही लागतात.

३. धागा तुटला की

यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. एक कारागीर बरेच माग सांभाळत असतो. तो येतो, धागा जोडतो, माग पुन्हा चालू करतो. सेवा-फाइलमधली ‘रिस्टार्ट’ ही ओळ म्हणजे हा कारागीर. ‘ऑन-फेल्युअर’ लिहिलं, तर बिघाड होऊन थांबलेली सेवाच तो उठवतो. ‘ऑलवेज’ लिहिलं, तर प्रोग्रॅम कसाही थांबला तरी उठवतो. आपण मुद्दाम ‘स्टॉप’ सांगितलं, तर मात्र दोन्ही प्रकारांत तो हात लावत नाही.

दर वेळी उठवण्याआधी किती सेकंद थांबायचं तेही लिहिता येतं. आपण ५ ठेवले आहेत. काही न लिहिल्यास सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न होतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर सिस्टमडी प्रयत्न सोडून देतं.

४. ‘डीमन’ची व्युत्पत्ती

मागे राहून काम करणाऱ्या अशा प्रोग्रॅमला इंग्रजीत ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये रूढ झाला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या अदृश्य ‘डीमन’वरून तो घेतला. मुळात ग्रीक ‘दाइमोन’ म्हणजे माणसाच्या सोबत असणारी अदृश्य शक्ती. ती वाईटच असते असं नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र शब्दाला सैतानाचा अर्थ चिकटला.

आपल्याकडे ‘देवचार’ शब्दाचं असंच झालं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. तोच शब्द गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत सैतानासाठी वापरतात. म्हणून मराठीत मी ‘डीमन’ला ‘राखणदार’ म्हणेन. रात्री गस्त घालणारा, दिसत नसला तरी असणारा.

५. राखणदार काय करत नाही?

प्रोग्रॅम जिवंत आहे पण अडकला आहे, उत्तर देत नाही, हे नुसत्या ‘रिस्टार्ट’च्या ओळीला कळत नाही. मागही चालू असून सदोष कापड विणू शकतो. त्यासाठी ठरावीक वेळाने पान उघडून पाहणारी वेगळी तपासणी हवी.

दुसरं, सेवा थांबवताना सिस्टमडी आधी सूचना देतं, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर ९० सेकंद वाट पाहून सक्तीने बंद करतं. जे तोवर फक्त मेमरीत असेल ते गेलं. म्हणून शब्द डेटाबेसमध्ये उतरल्याशिवाय पडद्यावर ‘नोंद झाली’ असं दाखवायचं नाही. डेटाबेसची प्रतही दुसऱ्या जागी ठेवायची. सेवा चालू असणं आणि शब्द सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं, सेवेची रोजनिशी ‘जर्नल’मध्ये लिहिली जाते, पण ती वाचणारा माणूसच लागतो. वारंवार उठवावी लागणारी सेवा बाहेरून ठीक दिसते. आत काय बिघडलंय ते जर्नल वाचल्यावरच समजतं.

सरावासाठी

१. सेवा-फाइलमधली प्रत्येक ओळ मराठीत एका वाक्यात समजावून लिहा आणि तो कागद मंडळाच्या कपाटात ठेवा.
२. चाचणीच्या सर्व्हरवर प्रोग्रॅम सक्तीने बंद करा. तो किती सेकंदांनी उठतो ते पाहा.
३. चाचणीचा सर्व्हर पूर्ण बंद करून चालू करा. कशालाही हात न लावता पान उघडलं पाहिजे.
४. आठवड्यातून एकदा जर्नल कोण वाचणार, त्याचं नाव आजच ठरवा. तो कॉलेज सोडेल तेव्हा त्याच्या जागी कोण, हेही लिहून ठेवा.