लाल रेघेमागचं सोनं

करोनाच्या दिवसांत चाचणीच्या पट्टीवर दुसरी लाल रेघ उमटते का, हे घरोघरी श्वास रोखून पाहिलं गेलं. अशा बहुतेक पट्ट्यांवरचा तो लाल रंग सोन्याचा असतो. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीतही तेच सोनं. कण मात्र इतके बारीक, की केसाच्या जाडीत दीड-दोन हजार सहज मावतील. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी करिअरची एक वाट म्हणून या सोन्याची ओळख जरूर करून घ्यावी.

काम काय असतं?
सोन्याचे १३ नॅनोमीटरचे कण पाण्यात कोकम सरबतासारखे लाल दिसतात. ते एकमेकांच्या जवळ आले, की रंग जांभळा होतो. १९९६ साली अमेरिकेत चॅड मर्किन यांच्या गटाने या कणांना डीएनएचे छोटे धागे जोडले. जुळणारा डीएनए भेटला, की कण एकत्र येतात आणि नुसत्या डोळ्यांना उत्तर दिसतं. डीएनएऐवजी अँटिबॉडी जोडली, तर प्रथिनं ओळखता येतात. २०२० मध्ये दिल्लीच्या 'आयजीआयबी' या जनुकशास्त्र संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'फेलूदा' चाचणीने विषाणूची जनुकीय खूण अशीच कागदी पट्टीवर दाखवली.

विषय कोणते घ्यावेत?
कण घडवणं हे रसायनशास्त्र, रंग बदलणं हे भौतिकशास्त्र आणि अँटिबॉडी हे जीवशास्त्र. म्हणून माझा आग्रह एकच: झेपत असेल तर अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. नॅनोकणांच्या या क्षेत्रात दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाची गरज भासते.

वाटा
- पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसह देशातल्या सर्व आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.
- जवळच्या कॉलेजात बीएस्सी करून 'जॅम' परीक्षेद्वारे आयआयटीत एमएस्सीला जाता येतं.
- पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर पीएचडीच्या सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नॅनोकणांवर संशोधन होतं.
- पीएचडी करायची नसेल, तर चाचणी किट बनवणाऱ्या कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि परवानग्यांची कामं असतात.

पालकांसाठी
"डॉक्टर नाही झाला तर पुढे काय?" ही धास्ती मी समजू शकतो. संशोधनाच्या वाटेला आठ-दहा वर्षं लागतात, हे आधीच मान्य करा आणि दरवर्षी शेजारच्या मुलाच्या पगाराशी तुलना करू नका. पण डॉक्टर ज्या अहवालावर विसंबून औषध लिहितो, ती चाचणी कुणीतरी घडवलेली असते. रुग्णसेवा तीही आहे.

निर्णयाआधी एक करा. ओळखीच्या प्राध्यापकांना विनंती करून हा प्रयोग मुलाला दाखवा: गोल्ड क्लोराइडच्या उकळत्या फिकट द्रावणात सोडियम सायट्रेट पडतं आणि काही मिनिटांत ते लालभडक होतं. मग चिमूटभर मीठ घातलं, की जांभळं. त्या क्षणी मूल "असं का झालं?" विचारतं का, ते बघा. गुणपत्रिका नंतर उघडा.